वरच्या अंगाचं पाणी

हो हो काकू, तुमच्या शेवग्यावर अडकलंय ते आमचंच. साडी नाही हो ती, असला भडक नारिंगी रंग मी या वयात नेसणार आहे का? तंबूवरचं पांघरूण आहे. रात्री गच्चीवर वाळत घातलं, चिमटे लावले, वर विटा ठेवल्या. पहाटे वारा सुटला. विटा होत्या तिथेच आहेत, कापड तेवढं तुमच्याकडे आलं. नका ओढू, राहू द्या. शेवग्याची फांदी ती, कडकन मोडेल आणि तुमच्या आमटीतल्या शेंगा जातील. दुपारी आमचा पोरगा आकडी घेऊन येईल.

अहो कुणाचं म्हणजे काय, पुण्याच्या पुतण्याचं. धाकट्या भाऊजींचा तो. तुम्ही रावेरला लेकीकडे होतात म्हणून चुकलात, नाहीतर मागच्या आठवड्यात आमच्या दारात जत्राच होती. दोन गाड्या, दोन बिऱ्हाडं. हा, याची बायको, दोन पोरं, आणि याचा हापिसातला मित्र, तोही सहकुटुंब. गाडीतून काय काय निघालं म्हणता! घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, बोटभर गॅसची शेगडी, कपाळाला बांधायचे दिवे, बर्फाची पेटी, हवा भरायच्या गाद्या, त्यात हवा भरायला पंप, आणि तो पंप चार्ज करायला आणखी एक डबा. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढं सगळं बरोबर न्यायचं तर घर सोडायचंच कशाला?

मला म्हणतो, "मोठी आई, कॅम्पिंगला चाललोय. देडतलाईवरून धारणी, मग हरिसाल, सेमाडोह, चिखलदरा. रमतगमत. वाटेल तिथे तंबू ठोकायचा." मी म्हटलं, बाबा, मृग लागून आठवडा झाला, हे काय दिवस आहेत उघड्यावर झोपायचे? तर त्यानं फोन काढून दाखवला. बुऱ्हाणपूर, अंशतः ढगाळ, पाऊस नाही. आता फोनमध्येच पाऊस नाही म्हटल्यावर माझं कोण ऐकतं?

त्यातली खरी गंमत आमच्या ह्यांनी नंतर सांगितली. आपल्या जिल्ह्याचा अंदाज भोपाळचं हवामान केंद्र देतं. धारणी आली की अमरावती जिल्हा, म्हणजे विदर्भ, ते नागपूर बघतं. तुमची लेक रावेरला, जळगाव जिल्हा, ते मुंबईकडे. इथून दोन्ही दिशांना तासा-दीड तासाच्या आत माणूस एका कार्यालयाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो. आणि हा पठ्ठ्या धारणीला झोपायला निघाला तो बुऱ्हाणपूरचं आभाळ बघून.

ऐका तर पुढचं. सेमाडोहपर्यंत जाऊन तंबू ठोकायचा बेत होता. वाटेत कुणीतरी सांगितलं, पुढे व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे मनाला येईल तिथे राहुटी टाकता येत नाही, वनखात्याच्या संकुलात राहा नाहीतर पुढे चिखलदऱ्याला जा. मग मित्राच्या ओळखीच्या कुणाचं तरी शेत निघालं, धारणीच्या अलीकडे. तिथे एक ओढा. पाणी कुठलं, नुसती पांढरी वाळू, मऊशार. काठावर जांभळीचं झाड. झालं, पुणेकर भाळले. वाळूतच तंबू ठोकायला लागले.

शेतावर एक सालदार होता, कोरकू माणूस, वयस्कर. तो म्हणाला, इथं नका, वर खळ्यावर घ्या. मित्र म्हणतो, वर ढेकळं आहेत, गाद्यांना टोचतील. सालदार गप्प बसला. काय बोलणार तो तरी? मालकाचे पाहुणे!

संध्याकाळी पूर्वेला, लांब डोंगराकडे विजा चमकायला लागल्या. आवाज नाही, नुसता उजेड. पोरांनी टाळ्या पिटल्या. सूनबाईंनी त्याचा व्हिडिओ काढला, मला दाखवला काल. व्हिडिओत एका कोपऱ्यात तो सालदार उभा आहे, हाताची घडी घालून. पोरं हसताहेत आणि तो त्या डोंगराकडे बघतोय. मी तो व्हिडिओ दोनदा लावायला सांगितला, त्या म्हाताऱ्यासाठी.

रात्री नऊच्या सुमाराला तो विजेरी घेऊन परत आला आणि या वेळी विचारलं नाही, सरळ खुंट्या उपटायला लागला. मित्राची बायको चिडली म्हणे. पोरं झोपलेली, हवा भरलेली गादी तशीच उचलून खळ्यावर न्यावी लागली. एक तंबू वर आला, दुसरा "सकाळी काढू" म्हणून वाळूतच राहिला, खुर्च्या, टेबल, शेगडीही तिथेच. गाड्या मात्र वर होत्या, देवाची कृपा.

मग आलं वावधान. आधी वारा, डोळ्यांत माती, मग थेंब, मग काय विचारता, विजा डोक्यावर. इथे मात्र पोरगा शहाण्यासारखा वागला, खोटं कशाला बोलू. सगळ्यांना तंबूतून काढून गाड्यांत कोंबलं, काचा वर, हात मांडीवर, पत्र्याला कुणी हात लावायचा नाही. म्हणाला, गाडीचं अंग लोखंडाचं, वीज पडलीच तर बाहेरच्या बाहेर पत्र्यावरून जमिनीत जाते. तंबूची काठी धातूची असली तरी तिचा काही उपयोग नाही, उलट उघड्या खळ्यावर तीच सगळ्यांत उंच. आणि जांभळीखाली जायचा प्रश्नच नाही. मित्र तिकडे धावलाच होता म्हणे, याने हाक मारून परत बोलावला. आपल्याकडे दरवर्षी किती माणसं अशी झाडाखालीच जातात हो! पाऊस आला की पहिला पाय झाडाकडे. सूनबाईंनी आकडा वाचून दाखवला, सरकारचाच आहे, गुन्हे नोंदणी खात्याचा. २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, आणि त्यातली ४९६ आपल्या मध्य प्रदेशातली, सगळ्या राज्यांत जास्त. बहुतेक वावरात काम करणारी.

पुण्याच्या संस्थेनं फोनसाठी "दामिनी" नावाचं ॲप काढलंय ना, वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडायची शक्यता असली की सांगतं, तेही या पोरानं फोनात घेतलेलं होतं. पण फोनला तिथे रेंज कुठली? मग मोजत बसले. वीज दिसली की एक, दोन, तीन. तीन आकड्यांना एक किलोमीटर. पोरांना तेवढाच खेळ. शेवटचा गडगडाट झाल्यावरही अर्धा तास कुणाला उतरू दिलं नाही.

अहो थांबा, अजून खरी गोष्ट आलीच नाही. खळ्यावर पाऊस पडला तो किती? अर्धा तास. माती ओली झाली, एवढंच. साडेअकराला आभाळ मोकळं, चांदणं पडलं. मित्र म्हणाला, बघा, उगाच हलवलं आपल्याला. पुन्हा वाळूत जाऊन झोपायची भाषा सुरू झाली होती. सालदार म्हणाला, पहाटेपर्यंत नाही. आणि दोनच्या सुमाराला वरच्या अंगानं मालगाडी यावी तसा आवाज आला. रूळ तिथे कुठे आहेत, तरी सगळ्यांना तेच वाटलं. आणि ओढा आला. पावसाचा टिपूस नाही, डोक्यावर चांदणं, आणि खाली गढूळ पाणी, त्यात ओंडके. तंबू गेला, खुर्च्या गेल्या, बर्फाची पेटी गेली. सकाळी सातला जाऊन बघतात तर घोट्याएवढं पाणी, बाकी पुन्हा वाळू. एक खुर्ची सापडली, खालच्या अंगाला पळसावर, माणूसभर उंच.

तेव्हापासून मित्राची बायको बोलत नाहीये म्हणे. सालदाराशी नाही, नवऱ्याशी.

आता मला सांगा काकू, आपण तापीकाठची माणसं. आपल्याला हे कुणी शिकवलं का? राजघाटावर उभं राहून पुराचा अंदाज घ्यायचा तर कुणी आभाळाकडे बघतं का? आपण विचारतो, मुलताईला किती पडला, बैतूलला काय आहे. तिथे रात्री कोसळला की इथे ऊन असतानाच पाणी चढतं, नदीतला दगडी हत्ती आधी गुडघ्यापर्यंत, मग पाठीपर्यंत. इथे चढलं की तिकडे हतनूरवाल्यांची धावपळ, ४१ दरवाजे आहेत त्या धरणाला. आणि तिथून पुढे उकाईचं धरण. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाली ना, उकाईतून सोडलेल्या पाण्यानं, ते पाणी सुरतेच्या आभाळातून थोडंच पडलं होतं? आपल्या दारावरून गेलं होतं. धारणीकडची ती सिपना नदीसुद्धा शेवटी तापीतच येते. या पोराची खुर्ची तापीत आली असेल तर गेली असेल आता भुसावळपर्यंत.

हे मी बोलले आणि झालं, आमचे हे झोपाळ्यावरून उठलेच. तुम्हाला माहीत आहे, इतिहासाचे मास्तर, निवृत्त झाले तरी तास संपत नाही. विषय कुठलाही द्या, अर्ध्या तासात औरंगजेबावर. पण या वेळी पोरांनी तोंड उघडं टाकून ऐकलं, म्हणून तुम्हालाही सांगते.

म्हणाले, तुम्ही दोन रात्रींच्या तंबूचं काय सांगता, आपल्या गावातून बादशहा तंबू घेऊन निघाला तो पंचवीस वर्षं तंबूतच राहिला. १६८१ च्या नोव्हेंबरात औरंगजेब बुऱ्हाणपुरात आला, काही महिने राहिला, मग दक्षिणेत उतरला. परत उत्तरेत गेलाच नाही, १७०७ साली नगरला मेला तोही छावणीत. आणि थाट काय त्या छावणीचा! बादशाही तंबूंचे दोन संच असायचे. एकात हुजूर झोपलेले, दुसरा पुढच्या मुक्कामी आधीच उभा. बाजार, हत्ती, तोफा, जनानखाना, एक शहरच चालत असायचं.

तर १७०० सालची गोष्ट. पावसाळ्याचा मुक्काम खवासपूरला, सांगोल्याकडे, माण नदीच्या काठी. माण म्हणजे काय, वर्षातले दहा महिने कोरडी. छावणी नदीच्या दोन्ही काठांना आणि पात्राच्या वाळूतही पसरलेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वरच्या डोंगरांत पाऊस झाला, आणि मध्यरात्री पाणी आलं. सगळे झोपेत. माणसं गेली, जनावरं गेली, तंबू गेले. ओरडा ऐकून म्हातारा बादशहा जागा झाला, त्याला वाटलं मराठे छावणीत शिरले! घाईनं उठून पळायला गेला, पाय घसरला आणि गुडघा निखळला. तो पुढे नीट बसलाच नाही, मरेपर्यंत लंगडत चालला. आणि दरबारी लोक काय म्हणायचे? हुजूर, हा तर आपल्या पूर्वजाचा, तैमूरलंगाचा वारसा!

काकू, मला इतकं हसू आलं. मराठ्यांनी जे केलं नाही ते माणनं केलं. तरी बादशहा काही सुधारला नाही. १७०२ मध्ये विशाळगड घेतला आणि भर पावसात परत फिरला, तर पन्हाळ्यापर्यंतच्या ३० मैलांना ३८ दिवस लागले. प्रत्येक ओढ्याशी मुक्काम. पुतण्याचा मुलगा म्हणाला, "त्याच्याकडे सालदार नव्हता का?" आमचे हे म्हणाले, होते ना, हजारो होते, पण बादशहाला "इथं नका" म्हणायची छाती कुणाची? त्या वाक्यावर मी मित्राकडे बघितलं. तो चहात बिस्किट बुडवत होता.

हां, तर त्या ओढ्यावरून ते पुढे चिखलदऱ्याला गेले. तिथे धुकं, गाविलगड बघितला, भीमकुंड बघितलं, देवी पॉइंटला कणसं खाल्ली. रात्री लॉजवर. राहिलेला तंबू उलगडायचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. वर पठारावर वीज काय कमी आहे का?

बरं, हे सगळं ठीक आहे. त्यांच्या खुर्च्या गेल्या, त्यांना नव्या येतील. पण त्याच रात्री इकडे काय झालं? पाऊस नाव घ्यायला नाही, नुसता वारा, वीस मिनिटं. आमची केळीची मृगबाग गेल्या वर्षीची, घड भरत आले होते, कापणीला महिनाही नव्हता. पूर्वेकडच्या बाजूची केळी सगळी आडवी. केळीला मुळं ती किती खोल, आणि वर घडाचं ओझं. वाऱ्याला काय, वरून ढकललं की बुडातून उपटलं. आम्ही बांधाला शेवरी लावली आहे, तिच्या आडोशाची रांग उभी राहिली. बांबूचे टेकू दिलेले होते, ते टेकूसकट झोपले. आमच्यापलीकडच्या भाऊंचं तर वावरच राहिलं नाही. सकाळी गेले तर बांधावर बसले होते, उठले नाहीत. मी चहा घेऊन गेले, तोही तसाच राहिला.

आता पटवारी येणार, पंचनामा करणार, मग ते महसुली नियम सहा-चारचं प्रकरण, मदत कधी आणि किती, ते त्यांनाच ठाऊक. तुमच्या व्याह्यांचं रावेरला बरं आहे म्हणतात, तिकडे हवामानावरचा फळपीक विमा केळीला आहे, वाऱ्याचाही धरतात. एकच वारा, एकच रात्र, मध्ये फक्त राज्याची पाटी. त्यांनाही मिळतो तेव्हा रडतखडतच मिळतो हे मला माहीत आहे, तुम्ही सांगू नका, तुमची लेकच सांगते फोनवर. तरी कागदावर तरी आहे.

पुतण्या काल परत आला तो पहिल्यांदा वावरात गेला, हे मात्र सांगते. बूट चिखलात, आडवी केळी बघत उभा राहिला, फोटो काढायला फोन काढला आणि परत खिशात घातला. संध्याकाळी ह्यांच्याबरोबर बसून पंचनाम्याचा अर्ज लिहून दिला, हिंदीत, चांगला ठसठशीत. तिथे शिकलेलं कामाला येतं. सूनबाईंनी फोनात तिन्ही केंद्रांचे अंदाज एका जागी लावून दिले. भोपाळ, नागपूर, मुंबई, खाली तीन तासांचा इशारा येतो तो वेगळा. मी म्हटलं त्यात मुलताईचा पाऊसही घाल. तिला मुलताई कुठे आहे ते सांगावं लागलं.

तो सालदार? विचारलं मी, काही दिलं का त्याला? दिलं म्हणाला, पैसे घेईना, मग उरलेली हवेची गादी दिली. ती तरी घेतली का? घेतली, नातवाला. बरं केलं. खळ्यावर टोचत नाही ना ती आता.

आता दिवाळीत पुन्हा येतो म्हणतोय. या वेळी हनुवंतिया, तिकडे इंदिरा सागरच्या पाण्याकाठी, तंबूंची वस्तीच असते थंडीत. मला म्हणतो, मोठी आई, तुम्ही दोघंही चला. हे लगेच तयार, वाटेत असीरगड लागतो ना, अकबरानं तो कसा घेतला हे सांगायला श्रोते आयतेच गाडीत बसलेले. मी म्हटलं येते, पण दोन अटी. एक, दुपारचा डबा माझा, तुमच्या त्या बोटभर शेगडीवर मी भाकरी थापणार नाही. आणि दुसरी, तुम्ही झोपा तंबूत, मी गाडीत झोपेन, काचा वर करून. तुम्हाला यायचं असेल तर मागची सीट रिकामी आहे. विचार करा. आणि काकू, ती फांदी ओढू नका म्हटलं ना!